प्लगला करंट नाही

शेजारचे आजोबा घर विकून मुलीकडे राहायला निघाले, तेव्हा त्यांचं गॅरेज रिकामं करायला मी गेलो होतो. पन्नास वर्षांचा संसार तिथं साठलेला. संध्याकाळपर्यंत सगळं निघालं आणि मागच्या भिंतीशी, लाकडी घोडीवर अडकवलेली एक निळी मोटर तेवढी उरली. होडीच्या मागच्या फळीला अडकवायची आउटबोर्ड मोटर. इव्हिनरूडची फिशरमन, साडेपाच हॉर्सपॉवरची, 1957 सालची. आजोबांच्या वडिलांनी ती नवी घेतली होती. शेवटची कधी चालवली, हे काही त्यांना आठवेना. त्यांनी तिच्या टोपीवरून हात फिरवला आणि म्हणाले, "तू घेऊन जा. फक्त भंगारात घालू नकोस."

मी पोटासाठी सॉफ्टवेअरचं काम करतो, पण माझं लहानपण सांगलीत काकांच्या स्कूटर गॅरेजात गेलं. शाळा सुटली की दप्तर आत टाकायचं आणि रॉकेलच्या ट्रेमध्ये नट-बोल्ट धुवायला बसायचं. त्यामुळे टू-स्ट्रोक इंजिन दिसलं की माझा हात आधी प्लगकडे जातो.

आम्ही राहतो मिलवॉकीच्या पश्चिमेला, अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यात. हे गाव म्हणजे या मोटरचं माहेरच. ओले इव्हिनरूड हा नॉर्वेत 1877 साली जन्मलेला माणूस, लहानपणीच आईवडिलांबरोबर विस्कॉन्सिनला आला. त्याच्या मोटरची गोष्ट इथं प्रत्येकाला ठाऊक असते. ओकॉची तळ्यावर सहलीला गेले असताना त्याच्या मैत्रिणीला, बेसला, आइस्क्रीम हवं झालं. ओले वल्ही मारत पलीकडच्या काठाला गेला, पण भर उन्हात परत येईपर्यंत आइस्क्रीमचं पाणी झालं. तिथून होडीला इंजिन लावायचं त्याच्या डोक्यात बसलं. 1909 साली मिलवॉकीत त्याने मोटरी विकायला सुरुवात केली. जाहिराती बेसनेच लिहिल्या: वल्ही मारू नका, फेकून द्या! तोवर दोघांचं लग्न झालेलं होतं आणि धंद्यातही ती त्याची भागीदार होती. ते ओकॉची तळं आमच्या घरापासून वीस-पंचवीस मिनिटांवर आहे. ही मोटर त्याच तळ्यावर चालवायची, हे मी ती गाडीत चढवतानाच ठरवलं.

डिसेंबरात तळी गोठतात आणि एप्रिलपर्यंत होडीचं नाव काढायचं नसतं. म्हणजे हाताशी चार महिने होते.

पहिल्या रविवारी टोपी काढली. आत उंदराचं घरटं, वाळलेलं गवत आणि आंबूस झालेल्या जुन्या पेट्रोलचा वास. दोरी ओढली तर इंजिन मोकळं फिरलं, ही पहिली चांगली खूण. दोन्ही प्लग काढून सिलिंडरमध्ये थोडं ऑइल सोडलं, रात्रभर तसंच ठेवलं आणि दुसऱ्या दिवशी कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमध्ये किती दाब तयार होतो ते, मोजलं. वरच्या सिलिंडरला 72 आणि खालच्याला 70 पीएसआय. एवढ्या जुन्या आणि एवढ्या लहान इंजिनाला हे आकडे छान म्हणायचे. दोन्ही सिलिंडर जवळजवळ सारखे आले, हे त्याहून महत्त्वाचं. रिंगा आणि पिस्टन धड आहेत, म्हणजे मोटरमध्ये जीव आहे.

मग करंट बघितला. यासाठी एक साधं साधन मिळतं: दोन टोकं, मधे कमी-जास्त करता येणारी फट. प्लगमध्ये ठिणगी अर्ध्या-पाऊण मिलिमीटरची फट ओलांडते, पण सिलिंडरच्या आत दाबाखाली तिला जास्त जोर लागतो. म्हणून बाहेर उघड्या हवेत तिने पाव इंच, म्हणजे सहा मिलिमीटरची फट निळ्या रंगात, टच्चकन आवाज करत ओलांडली पाहिजे. मी लाइट बंद केला आणि दोरी ओढली. खालच्या सिलिंडरला तीन मिलिमीटरवर एक पिवळट, मलूल ठिणगी आली आणि गेली. वरच्याला काहीच नाही. दहा वेळा ओढली. अंधारच.

ते काम तिथंच थांबवून काकांना व्हिडिओ कॉल लावला. काका आता अठ्ठ्याहत्तर वर्षांचे आहेत. गॅरेज दहा वर्षांपूर्वी बंद केलं, पण हत्यारांची पेटी अजून कॉटखाली आहे. मी फोन मोटरवरून सगळीकडे फिरवला.

"किती सीसी रे?"

"दोन सिलिंडर मिळून एकशे पंचेचाळीस."

"म्हणजे चेतकच की!"

खरंच आहे ते. बजाज चेतकचं इंजिन 145 सीसीचं, टू-स्ट्रोक. या मोटरचे दोन सिलिंडर मिळून तेवढेच भरतात. आणि जुन्या चेतकला इलेक्ट्रॉनिक इग्निशन येण्याआधी जी व्यवस्था होती, तीच इथं फ्लायव्हीलखाली, म्हणजे इंजिनाच्या वरच्या जड चाकाखाली, जोडीने बसवलेली आहे: दोन कॉइल, दोन पॉइंट, दोन कंडेन्सर. काकांच्या भाषेत या सगळ्याला मिळून 'मॅग्नेट' म्हणतात. त्यांनी असं मॅग्नेट आयुष्यात किती वेळा उघडलं असेल, त्याला गणती नाही. 2005 च्या महापुरात कृष्णेचं पाणी सांगलीत शिरलं. ते ओसरल्यावर गॅरेजसमोर स्कूटरची रांग लागली होती, प्रत्येक मॅग्नेटमध्ये गाळ. काका आणि त्यांची दोन पोरं दिवसरात्र फ्लायव्हील उतरवत होती. मी तेव्हा पुण्यात नोकरीला होतो, सुट्टी काढून गेलो आणि आठवडाभर नुसते पॉइंट पुसले.

"उघड की मग. आणि एक ध्यानात ठेव," काका म्हणाले, "काढलेलं काही टाकायचं नाही. आधी बघायचं कशानं गेलंय."

फ्लायव्हील काढायचं म्हणजे आधी वरचा दोरीचा स्टार्टर उतरवायचा. मग मधला मोठा नट. फ्लायव्हील पट्ट्याच्या पान्याने धरून ठेवायचं आणि नट सोडवायचा, पण पूर्ण काढायचा नाही. क्रँकच्या, म्हणजे इंजिनाच्या फिरत्या दांड्याच्या, टोकाशी सपाट येईल एवढाच वर घ्यायचा, म्हणजे पुलरच्या (फ्लायव्हील ओढून काढायच्या साधनाच्या) दाबाने आटे खराब होत नाहीत. फ्लायव्हीलला वरून तीन आट्याची भोकं असतात. पुलर त्या तीन बोल्टांवरच लावायचा. कडेला नखं अडकवून ओढणारा पुलर इथं कधीही वापरू नये, त्याने फ्लायव्हील वाकतं आणि आतले चुंबक तडकतात.

मी बोल्ट बसवले, मधला स्क्रू आवळला. काही नाही. अजून पाव वेढा. काही नाही. माझ्या मनगटाला जाणवत होतं की आता स्क्रू नव्हे, लोखंडच ताणलं जातंय. त्या दिवशी बाहेर उणे पंधरा होतं, गॅरेजमध्ये छोटा हीटर. स्क्रूवर तेवढाच ताण ठेवून मी घरात जेवायला गेलो. परत आलो आणि पुलरच्या स्क्रूच्या डोक्यावर पितळी हातोडीने एक मापात टोला दिला. ठण्ण! फ्लायव्हील उडी मारल्यासारखं सुटलं. हा आवाज मी वीस वर्षांनी ऐकला.

उचलून बाजूला ठेवलं आणि टॉर्च जवळ धरून आत बघितलं.

गोल ॲल्युमिनियमच्या प्लेटवर समोरासमोर दोन कॉइल बसलेल्या. मूळच्या कॉइलवर काळं कडक वेष्टन असतं. वरच्या सिलिंडरच्या कॉइलवर ते आडवं तडकलं होतं. उन्हाने कोरड्या पडलेल्या शेताला पडते तशी भेग, आणि तिच्या दोन्ही बाजूंनी बारीक फाटे. भेगेच्या तळाशी केसाएवढी काळी रेघ थेट लोखंडी गाभ्यापर्यंत गेलेली. करंट प्लगपर्यंत न जाता तिथूनच इंजिनाच्या धातूत परत जात होता, ती त्याचीच वाट. दुसऱ्या कॉइलवर नखाने चाचपल्यावर लागेल एवढी भेग. साठाहून अधिक वर्षांचं ऊन, थंडी आणि तळ्याकाठची दमट हवा. वेष्टनाने पुष्कळ सोसलं होतं.

पॉइंट त्याहून बोलके होते. पॉइंट म्हणजे टंगस्टनची दोन छोटी बटणं, एक स्थिर, एक हलतं. क्रँकवरचा कॅम हलत्या पॉइंटच्या टाचेला ढकलतो आणि बटणं उघडतात. वरच्या पॉइंटच्या एका बटणावर टेंगूळ आलं होतं आणि दुसऱ्यावर त्याच आकाराचा खड्डा. एका बाजूचा धातू दुसरीकडे गेलेला. खालच्या पॉइंटवर निळसर-पांढरी साय धरली होती. कॅमला टेकणारी फायबरची टाच दोन्हींची झिजलेली, पण वरची जवळजवळ अर्धी. फिलर गेज, म्हणजे फट मोजायच्या पातळ पट्ट्या, घालून बघितलं. फट असायला हवी 20 हजारांश इंच, म्हणजे अर्धा मिलिमीटर. खालची होती 14 आणि वरची जेमतेम 9.

हे सगळं काकांना एकेक करून दाखवलं. त्यांनी चष्मा कपाळावर चढवला आणि स्क्रीन डोळ्यांजवळ घेतली.

"ती पट्टी दिसतीय बघ कॅमला टेकलेली, फेल्टची? तिला हात लाव. ओली आहे का?"

कोरडी ठणठणीत होती. बोटात धरल्यावर भुगा झाला.

"हां. वंगण संपलं, टाच घासली, फट मिटली. फट मिटली की पॉइंट उशिरा उघडतो आणि ठिणगी मरते. आणि टेंगूळ आलंय म्हणजे कंडेन्सर पण बघून घे."

या एका वाक्यात त्यांनी पूर्ण मोटरचा रोग सांगितला, म्हणून इथं थोडं खोलात जातो. या मोटरला बॅटरी नसते. फ्लायव्हीलच्या आतल्या कडेला चुंबक बसवलेला असतो. तो कॉइलच्या लोखंडी पायांजवळून सरकला की जाड तारेच्या वेढ्यांत करंट तयार होतो आणि मिटलेल्या पॉइंटमधून फिरत राहतो. तो करंट ऐन भरात असताना कॅमने पॉइंट उघडायचा. मग चुंबकीय क्षेत्र एकदम कोसळतं आणि बाहेरच्या बारीक तारेच्या हजारो वेढ्यांत हजारो व्होल्ट उसळतात. सगळी करामत 'एकदम' या शब्दात आहे. पॉइंट उघडताना बटणांमध्येच ठिणगी पडत राहिली तर करंट हळूहळू तुटतो आणि प्लगला जोर पोचत नाही. ती ठिणगी गिळायचं काम कंडेन्सरचं. कंडेन्सर बिघडला की बटणं भाजतात, टेंगूळ-खड्डा होतो. उलट, पॉइंटवर साय धरली तर बटणं मिटली तरी करंट सुरूच होत नाही. आणि फट कमी-जास्त झाली तर करंट भरात नसताना तुटतो. एखाद-दुसऱ्या हजारांश इंचाने फरक पडतो तो यामुळे.

कॉइल मी मीटरवर मोजल्या होत्या. तडकलेल्या कॉइलचे ओहमही बरोबर आले. त्यावरून मला वाटलं होतं, भेग वरवरची असेल, इपॉक्सी भरून चालेल. काकांनी ते लगेच मोडून काढलं. "मीटर बघतो दोन-चार व्होल्टांवर रे. तिथं पंधरा हजार सोसायचेत. मीटरला भेग दिसत नाही." तेव्हा कॉइल बदलायच्या ठरल्या.

इव्हिनरूडची मूळ कंपनी ओएमसी 2000 साली दिवाळखोरीत गेली आणि 2020 मध्ये इव्हिनरूडच्या मोटरी बनणंही थांबलं. तरी हे सुटे भाग आजही नवे मिळतात, कारण पन्नासच्या दशकापासून पुढे कित्येक मॉडेलना, इव्हिनरूड असो की ओएमसीचाच दुसरा ब्रँड जॉन्सन, हीच कॉइल बसते: ओएमसीचा नंबर 582995. असं एकच मॅग्नेट वर्षानुवर्षं सगळ्या लहान मोटरींना बसवणाऱ्या त्या इंजिनियरांबद्दल मला मनापासून आदर वाटतो. दोन कॉइल, दोन पॉइंट, दोन कंडेन्सर आणि प्लगची तार मिळून शंभर डॉलरच्या आसपास गेले.

तारेबद्दल एक सांगून ठेवतो. दुकानात मला मोटारगाडीची प्लग-वायर पुढे केली गेली. ती आतून कार्बनची असते. इथं तांब्याच्या पिळाची सात मिलिमीटरची तार लागते, कारण कॉइलमध्ये एक टोकदार खिळा असतो आणि तार त्यावर फिरवून रोवायची असते. कार्बनचा गाभा खिळ्यावर चुरडतो. तांबं घट्ट बसतं.

नव्या कॉइल बसवताना एकच गोष्ट नीट बघायची, आणि ती घाईत हमखास चुकते. कॉइलचे लोखंडी पाय चुंबकाच्या जितके जवळ तितकी ठिणगी जोरदार, पण चुंबकाला लागता कामा नये. त्यासाठी प्लेटवर कॉइलच्या बैठकीला घासून सपाट केलेली कड ठेवलेली आहे. कॉइलचे पाय त्या कडेच्या बरोबरीत आणायचे, ना आत ना बाहेर. मी नखाने चाचपत बसवलं. कड आणि पाय यांवरून नख अडकल्याशिवाय सरकलं पाहिजे. डोळ्यापेक्षा नख जास्त खरं बोलतं, हे काकांकडूनच शिकलेलं.

पॉइंटची फट लावायला मला एक आख्खी संध्याकाळ लागली. क्रँक घड्याळाच्या दिशेने फिरवत कॅमच्या सगळ्यात उंच जागेवर पॉइंट आणायचा. मग 20 ची पट्टी फटीत. ती हलका ओढा देत सरकली पाहिजे, 18 ची मोकळी जावी, 22 ची अडावी. अडचण अशी की लावलेला स्क्रू आवळला की फट पुन्हा हलते. 20 ची लावावी, आवळावं, तर 17 निघते. मग 22 ची लावून आवळून बघायची. पाचव्या-सहाव्या खेपेला दोन्ही पॉइंट 20 वर स्थिरावले. फेल्टची पट्टी नवी घातली आणि कॅमवर मॅग्नेटचं ग्रीस तांदळाच्या दाण्याएवढं. जास्त लावलं तर ते उडून पॉइंटवर बसतं.

फ्लायव्हील बसवायच्या आधी क्रँकचा निमुळता भाग आणि फ्लायव्हीलचं भोक दोन्ही स्पिरिटने पुसून कोरडं केलं. इथं तेलाचा थेंब नको. ही पकड कोरड्या धातूची असते. खोबणीतली छोटी चावी फ्लायव्हील जागेवर आणण्यापुरती आहे, जोर तिने घ्यायचा नसतो. नट टॉर्कच्या पान्याने आवळला.

लाइट बंद केला. दोरी ओढली. वरच्या सिलिंडरला टच्च करून निळी जाडजूड ठिणगी. सहा मिलिमीटर सहज. खालच्याला काहीच नाही.

सगळं नवं असताना! मी तिथंच पायरीवर बसलो. आधी जे जिवंत होतं ते मेलं होतं, मेलेलं जिवंत झालं होतं. रात्रीचे दहा वाजले होते, म्हणजे सांगलीत सकाळचे साडेनऊ. काकांनी एकच प्रश्न विचारला.

"नवीन पॉइंट पुसून घातलेस का?"

वरचा पुसला होता. खालचा पुसल्याचं आठवेना. नवा आहे, चकचकीत आहे, असं वाटून तसाच बसवला असणार. फ्लायव्हील पुन्हा उतरवलं. या वेळी पुलरच्या अर्ध्या वेढ्यात सुटलं. कॉइलची तार सोडवून मीटरचं एक टोक हलत्या बटणाला, एक प्लेटला. पॉइंट मिटलेला असूनही मीटर गप्प. नव्या पॉइंटवर गंज धरू नये म्हणून पातळसा थर येतो, नाहीतर हाताचं तेल लागतं. डोळ्याला काही दिसत नाही. कोरं व्हिजिटिंग कार्ड स्पिरिटमध्ये भिजवून मिटलेल्या बटणांतून तीन-चारदा ओढलं. पांढऱ्या कार्डावर करडी रेघ उमटली. एवढ्या फिकट रेघेने मोटर अडवली होती. मग कोरड्या कार्डाने पुसलं आणि मीटरने आवाज दिला. पॉलिश पेपर मात्र वापरायचा नाही, त्याचे कण बटणांत रुतून बसतात.

फ्लायव्हील चढवलं. दोन्ही सिलिंडरला निळा करंट. मी घरात जाऊन बायकोला गॅरेजमध्ये बोलावून आणलं आणि अंधारात तिला दोन्ही ठिणग्या दाखवल्या. तिलाही त्या आवडल्या.

मधलं काम भराभर सांगतो. पाणी ओढणाऱ्या पंपाचा रबरी पंखा बदलला, तो कडक झाला होता. गिअरचं ऑइल बदललं. कार्बोरेटर उकलून धुतला. टाकीच्या दोन नळ्या असलेल्या होजला नव्या सीलिंग रिंगा घातल्या. या काळातल्या मोटरीला पेट्रोलचा पंप नसतो, इंजिनातून आलेली हवा टाकीत दाब देते आणि दुसऱ्या नळीतून पेट्रोल वर चढतं, म्हणून टाकीचं झाकणही घट्ट लागतं. पेट्रोल बिनइथेनॉलचं, आणि ऑइल 24 ला 1, म्हणजे 24 भाग पेट्रोलला एक भाग ऑइल. पुढच्या काळातल्या मोटरींना 50 ला 1 चालतं, पण या जुन्या बेअरिंगना तेवढं पुरत नाही.

एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात कचऱ्याचा मोठा ड्रम पाण्याने भरला, मोटर त्यात बुडवली. चोक ओढला. तिसऱ्या दोरीला खोकली, पाचव्या दोरीला सुरू झाली. निळा धूर, ड्रममधलं पाणी उसळतंय, आणि तो आवाज. सांगलीत सकाळी आठ वाजता गल्लीत एकापाठोपाठ एक स्कूटर सुरू व्हायच्या, त्यातलाच. इन्सुलेटेड चिमट्याने आधी एका प्लगची वायर काढून बघितली, मग दुसऱ्याची. दोन्ही वेळा इंजिन सारखंच खाली बसलं, म्हणजे दोन्ही सिलिंडर सारखं काम करत होते.

मग हॅंडलची मूठ स्लोवरून फास्टकडे नेली. निम्म्यापर्यंत ठीक. पुढे गेल्यावर मिस मारायला लागली. मूठ मागे घेतली की पुन्हा सुरळीत.

पहिला संशय कार्बोरेटरवर गेला. तो पुन्हा उकलायच्या आधी काकांचं वाक्य आठवलं: आधी बघायचं कशानं. मोटर बंद केली, करंट बघायचं साधन लावलं. मूठ स्लोवर ठेवून दोरी ओढली तर दोन्हीकडे निळी ठिणगी. मूठ फास्टवर ठेवून ओढली तर वरच्या सिलिंडरची ठिणगी एक आड एक गायब. म्हणजे पेट्रोलचा यात काही संबंध नाही.

या मोटरीत मूठ फिरवली की कार्बोरेटर थेट उघडत नाही. कॉइल-पॉइंटची सगळी प्लेटच क्रँकभोवती फिरते, त्याने टायमिंग पुढे जातं, आणि त्या प्लेटच्या कडेचा कॅम कार्बोरेटर उघडतो. ठिणगी आणि पेट्रोल एकत्र वाढावं, यासाठीची ही रचना. प्लेट फिरते, पण प्लगच्या तारा खाली इंजिनाला क्लिपमध्ये बांधलेल्या. वरच्या सिलिंडरची तार मी दोन बोटं कमी कापली होती. प्लेट पुढे गेली की तार ताणली जायची आणि कॉइलमधल्या खिळ्यावरून दोन-तीन मिलिमीटर मागे सरकायची.

फ्लायव्हील तिसऱ्यांदा उतरलं. नवी तार कापली. प्लेट दोन्ही टोकांना फिरवून, सैल वळण ठेवून मग मापलं. खिळ्यावर तार फिरवत आत रोवली, वर थोडं डायइलेक्ट्रिक ग्रीस. प्लेट वीस वेळा पुढेमागे फिरवली आणि तारेला बोट लावून बघितलं. कुठं ताण नाही, कुठं घासत नाही. ड्रममध्ये उतरवल्यावर मोटर मूठ फास्टपर्यंत नेली तरी एका सुरात वर चढत गेली.

मेच्या एका रविवारी सकाळी ओकॉचीला गेलो. आमची होडी सेकंडहँड घेतलेली, बारा फुटी ॲल्युमिनियमची. बरोबर बायको, दहा वर्षांची मुलगी, आणि मी आवर्जून बोलावलेले शेजारचे आजोबा, मुलीच्या घरून आलेले. आजोबांनी दोरी ओढायचा हट्ट धरला नाही, नुसते फळीवर बसून राहिले. मी ओढली. चौथ्या दोरीला सुरू झाली. आजोबांनी डोळे मिटले आणि बराच वेळ उघडले नाहीत.

तळ्याच्या मध्यावर जाऊन काकांना फोन लावला. तिथं संध्याकाळचे साडेसात, मागे देवघरातली घंटा ऐकू येत होती. मी काही न बोलता फोन मोटरजवळ धरला. काका अर्धा मिनिट ऐकत राहिले.

"स्लोला जरा जड आहे रे," ते म्हणाले. "पेट्रोल जास्त जातंय. थोडं पातळ कर की."

मी पुढची स्लो स्पीडची नॉब अगदी थोडी, एक अष्टमांश वेढा फिरवली. थांबलो. मोटरची खडखड कमी झाली.

"अजून इवलं."

अजून फिरवली.

"हां," काका म्हणाले. "आता हात लावू नको."